अंधारातील वाचन

पुस्तक उघडणे सोपे असते; ते तडीस नेणे अवघड असते. गोष्टीचे पुस्तक वाचकाला बोटाला धरून पुढे नेते. परंतु काही ग्रंथ असे असतात की, त्यांत वाचकाला एकेक पाऊल स्वतःच्या बळावर टाकावे लागते. पहिल्या दोनचार पानांतच पाय अडखळतो, दहाव्या पानावर वाट दिसेनाशी होते; आणि मग पुष्कळ जण पुस्तक मिटून फळीवर ठेवून देतात. अशा ग्रंथांपुढे ज्या स्त्रीने जन्मभर माघार घेतली नाही, तिची ही हकीकत आहे. तिचे नाव मेरी सॉमरव्हिल.

मेरीचा जन्म २६ डिसेंबर १७८० रोजी स्कॉटलंडमधील जेडबरो या गावी झाला. फेअरफॅक्स हे तिचे माहेरचे आडनाव. वडील ब्रिटिश आरमारात अधिकारी होते; त्यामुळे ते दीर्घकाळ समुद्रावर असत. आई मुलांना घेऊन बर्न्टआयलंड नावाच्या एका लहानशा बंदरात राहत असे. घरामागची बाग उतरत उतरत थेट समुद्रापर्यंत गेलेली होती. त्या किनाऱ्यावर शंखशिंपले वेचावेत, पाखरे न्याहाळावीत, मनसोक्त हिंडावे, यातच मेरीचे बालपण गेले. आईने तिला बायबल वाचायला शिकवले. परंतु लिहायला कोणीच शिकवले नाही. मुलीच्या जातीला याहून अधिक विद्येची गरज नाही, अशीच त्या काळची समजूत होती.

मेरी आठनऊ वर्षांची असताना वडील सफरीवरून घरी परतले. आपल्या मुलीला धड वाचता येत नाही, लिहिता तर मुळीच येत नाही, हे पाहून त्यांना फार वाईट वाटले. दहाव्या वर्षी त्यांनी तिला मसलबरो येथील एका निवासी शाळेत धाडले. तेथील शिस्त मोठी कडक होती. पाठ ताठ राहावी म्हणून मुलींच्या अंगाला पोलादी पट्टीची घट्ट चोळी आवळलेली असे. मान झुकू नये म्हणून हनुवटीखाली पोलादी कमान बसविलेली असे. अशा अवस्थेत मेरीला जॉन्सनच्या इंग्रजी शब्दकोशाचे एकेक पान मुखोद्गत करावे लागे. नुसते शब्द आणि त्यांचे अर्थ सांगून भागत नसे. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, तो क्रमदेखील बिनचूक सांगावा लागे.

एक वर्ष असे गेले आणि मेरी घरी आली. थोड्याच दिवसांनी शेजारच्या एका बाईंची चिठ्ठी आली. मेरीची आई आजारी होती. तिच्या प्रकृतीची त्यांनी चौकशी केली होती. उत्तर मेरीनेच लिहावयाचे होते. परंतु शब्दकोशाची पाने घोकलेल्या त्या मुलीला चार ओळींचे उत्तर जुळविता येईना, आणि जुळवले तरी शब्द शुद्ध लिहिता येईनात. एवढा पैसा खर्च करून मुलीला साधे लिहितासुद्धा येत नाही, असे बोल तिला ऐकून घ्यावे लागले. पाठ केलेले आणि समजलेले यांत केवढे अंतर असते, याचा तिला लहानपणीच असा अनुभव आला.

पुढे घरात जी पुस्तके सापडतील ती मेरी वाचू लागली. बाहेर पाऊसवारा असला की ती शेक्सपिअरची नाटके घेऊन बसे. हे तिच्या एका आत्याला खपले नाही. मुलगी पुरुषासारखी पुस्तकात डोके खुपसून बसते, शिवणाला हातही लावत नाही, अशी तिने तक्रार केली. तेव्हा मेरीला गावच्या शाळेत शिवणकाम शिकण्यास पाठवण्यात आले. मेरीने शिवणकाम उत्तम आत्मसात केले. परंतु वाचन सोडले नाही. ती लपून स्वतःच लॅटिन शिकू लागली. एका सुट्टीत तिने भीतभीत ही गोष्ट जेडबरोच्या आपल्या काकांना सांगितली. हे काका थॉमस सॉमरव्हिल स्वतः विद्वान धर्मोपदेशक होते. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पूर्वीच्या काळी कितीतरी स्त्रिया मोठ्या पंडिता होऊन गेल्या, असे सांगून त्यांनी तिला धीर दिला, आणि रोज सकाळी न्याहारीपूर्वी तिला जवळ बसवून व्हर्जिल कवीचे लॅटिन काव्य वाचावयास घेतले. मेरीला आयुष्यात मिळालेले हे पहिले उत्तेजन होय.

मेरी पंधरा वर्षांची असतानाची गोष्ट. एका घरी ती चहापानासाठी गेली होती. तेथे एका मैत्रिणीने तिला स्त्रियांचे एक मासिक दाखवले. त्यात नव्या तऱ्हेच्या पोशाखांची रंगीत चित्रे होती, कोडी होती. एका पानाच्या शेवटी गणिताचा एक प्रश्न छापलेला होता. पान उलटले, तो उत्तराच्या जागी अंकांऐवजी विचित्र अक्षरेच अक्षरे! एखाद्या हिशेबात अक्षरे कशी आली, हे मेरीला कळेना. तिने मैत्रिणीला विचारले. हा एक प्रकारचा अंकगणिताचाच भाग असून त्याला बीजगणित म्हणतात. याहून अधिक आपल्याला ठाऊक नाही, असे मैत्रिणीने सांगितले. तो नवा शब्द मनात घेऊन मेरी घरी आली. तिने घरातली सर्व पुस्तके धुंडाळली. नौकानयनाचा एक ग्रंथ तेवढा सापडला. तो तिने नेटाने वाचून पाहिला. पण त्यात बीजगणित नव्हते, आणि जे होते त्याचा उलगडाही पुरता होईना.

त्यानंतर काही काळाने एडिंबरो येथे मेरी नेस्मिथ नावाच्या प्रसिद्ध चित्रकाराकडे चित्रकला शिकण्यास जाऊ लागली. एके दिवशी तो दुसऱ्या दोन विद्यार्थिनींना सांगत होता की, चित्रात दूरचे व जवळचे नीट दाखवावयाचे असेल तर युक्लिडच्या भूमितीचा अभ्यास करा; चित्रकलाच काय, खगोलशास्त्र आणि यंत्रशास्त्र यांचाही पाया त्या एका ग्रंथात आहे. हे शब्द मेरीच्या कानांवर पडले आणि तिला वाट सापडली. परंतु ग्रंथ मिळवावा कसा? एका तरुण मुलीने दुकानात जाऊन भूमितीचे पुस्तक मागावे, ही गोष्ट त्या काळी कल्पनेतही येण्यासारखी नव्हती. अखेर धाकट्या भावाला शिकवण्यासाठी घरी येणाऱ्या शिक्षकांना तिने विचारले. ते भले गृहस्थ होते. पुढच्या खेपेस एडिंबरोहून येताना त्यांनी युक्लिड आणि बीजगणिताचे एक शालेय पुस्तक अशी दोन पुस्तके तिला आणून दिली. पहिली काही प्रमेये मेरीने त्यांना सिद्ध करून दाखवली. आपण योग्य मार्गावर आहोत एवढी खात्री पटल्यावर पुढची सारी वाट ती एकटीच चालू लागली.

युक्लिड हा ग्रीक पंडित ख्रिस्ताच्या पूर्वी सुमारे तीनशे वर्षे होऊन गेला. त्याच्या भूमितीचे तेरा भाग आहेत. जगातील अनेक भाषांत हा ग्रंथ उतरला. आपल्या देशात अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ पंडिताने तो अरबीवरून संस्कृतात आणला व त्यास 'रेखागणित' हे नाव दिले. या ग्रंथाची रचना एखाद्या जिन्यासारखी आहे. प्रत्येक प्रमेय म्हणजे एक पायरी; ती आधीच्या पायऱ्यांवर टेकलेली असते. मधली एक पायरी गाळली तर पुढची चढता येत नाही. काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरील चौरस हा इतर दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे प्रमेय आज प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. युक्लिडच्या पहिल्या भागात ते सत्तेचाळिसावे आहे. तेथवर पोहोचावयाचे तर आधीच्या प्रमेयांची वाट चालून जावे लागते. त्या वाटेवर पाचवेच प्रमेय असे आहे की, युरोपातील शाळांतून त्याला 'गाढवांचा पूल' म्हणत. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात, एवढेच ते प्रमेय. परंतु त्याची सिद्धता इतकी गुंतागुंतीची आहे की, कच्चे विद्यार्थी त्या पुलाशी येऊन थबकत आणि तेथूनच परत फिरत. पहिल्या सहा भागांत मिळून अशी सुमारे पावणेदोनशे प्रमेये आहेत.

मेरीला दिवसा सवड कशी मिळावी? पियानोचा सराव चारपाच तास चाले. शिवणकाम असे, चित्रकला असे, आल्यागेल्याची सरबराई असे. म्हणून घर निजल्यावर ती मेणबत्ती लावून युक्लिड उघडून बसे. कित्येक रात्री अशा गेल्या. शेवटी नोकरांच्या लक्षात आले की, घरातल्या मेणबत्त्या फारच लवकर संपू लागल्या आहेत. त्यांनी मेरीच्या आईच्या कानांवर घातले की, मेणबत्त्या संपतील नाही तर काय होईल. मेरी मध्यरात्रीपर्यंत वाचीत बसलेली असते! आईला ही गोष्ट पसंत पडली नाही. मेरी अंथरुणावर पडताच तिच्या खोलीतील मेणबत्ती उचलून आणावी, असा हुकूम सुटला.

त्या रात्री मेरीच्या खोलीत काळोख झाला. पुस्तक जवळ असूनही त्यातले एक अक्षर दिसणे शक्य नव्हते. परंतु मेणबत्ती गेली तोपर्यंत मेरीने युक्लिडचे पहिले सहा भाग पुरे केले होते. तिने डोळे मिटले आणि ती पहिल्या प्रमेयापासून आरंभ करू लागली. एक रेषा घ्यावी. तिच्या एका टोकाला केंद्र मानून तेवढ्याच लांबीच्या त्रिज्येने एक वर्तुळ काढावे. दुसऱ्या टोकाला केंद्र मानून दुसरे काढावे. ती दोन वर्तुळे जेथे छेदतील तो बिंदू रेषेच्या दोन्ही टोकांना जोडावा. झाला समभुज त्रिकोण! काळोखाच्या पाटीवर अशा आकृत्या उमटू लागल्या. कोठे पाय घसरला तर बघून घ्यावयास पुस्तक नव्हते. मागच्या पायरीवर येऊन, हे असे का, असा प्रश्न स्वतःलाच विचारावा लागे. रोज रात्री ठरावीक प्रमेये ती अशी मनातल्या मनात सिद्ध करी. दुसऱ्या रात्री पुढची घेई. होता होता जवळजवळ सहाच्या सहा भाग तिला पुस्तकावाचून सिद्ध करता येऊ लागले.

शाळेत शब्दकोशाची पाने तिने पाठ केली होती. येथे तिने काहीच पाठ केले नव्हते. जे होते ते समजलेले होते. म्हणून ते काळोखातही दिसत होते. पुस्तक पुरे करणे म्हणजे नुसते शेवटचे पान उलटणे नव्हे. पुस्तक बाजूला नेले, दिवा मालवला, तरी जे आपल्याजवळ उरते, तेवढेच आपण खरोखर वाचलेले असते.

अशा वेळी त्या मुलीला अभिमान वाटला नसेल काय? अवश्य वाटला असेल. परंतु तो अभिमान मिरवावा तरी कोणापुढे? मैत्रिणींना त्यात गोडी नव्हती. नातलगांना ते खूळ वाटत होते. वडील समुद्रावरून घरी आले आणि हा प्रकार त्यांच्या कानी गेला, तेव्हा तेही चिंतातुर झाले. हे वेळीच थांबवले नाही तर पोरीला एक दिवस वेड लागेल, असे त्यांनी पत्नीला बजावले. स्वतःशीच बाळगावा असाच तो अभिमान होता. जो अभिमान दुसऱ्याच्या शाबासकीवर जगतो, तो शाबासकी थांबली की कोमेजून जातो. मेरीच्या अभिमानाला तसले खतपाणी कधी मिळालेच नाही; म्हणूनच कदाचित त्याची मुळे खोल गेली.

१८०४ साली मेरीचा विवाह सॅम्युएल ग्रेग नावाच्या गृहस्थांशी झाला. ते १८०७ साली वारले. मुलांना घेऊन मेरीबाई माहेरी परतल्या. आता त्या स्वतंत्र होत्या. त्यांनी पुन्हा गणित हाती घेतले. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा विख्यात ग्रंथ त्यांनी उघडला. तो त्यांना अतिशय कठीण गेला. पहिल्या वाचनात नीट आकळलाच नाही. मेरीबाईंनी त्याची लाज मानली नाही आणि ग्रंथाला नावेही ठेवली नाहीत. काही काळ त्यांनी तो बाजूला ठेवला, इतर अभ्यास वाढवला, आणि पुन्हा तोच ग्रंथ नव्याने वाचावयास घेतला. या दुसऱ्या खेपेस त्यांनी पानोपानी टिपणे केली. एकदा माघारी यावे लागले म्हणजे पराभव झाला असे नव्हे. पुन्हा न जाणे हा पराभव होय. १८११ साली एका गणितविषयक नियतकालिकाने घातलेला प्रश्न सोडवल्याबद्दल मेरीबाईंना रौप्यपदक मिळाले. त्यांच्या गणिताची ही पहिली जाहीर पावती होती.

१८१२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. जेडबरोच्या त्या थोर मनाच्या काकांचे चिरंजीव डॉक्टर विल्यम सॉमरव्हिल हे त्यांचे पती. पित्याप्रमाणेच पुत्रानेही मेरीबाईंच्या विद्याव्यासंगाला मनापासून साहाय्य केले. वॉलेस नावाच्या गणितज्ञांनी मेरीबाईंना उच्च गणिताच्या ग्रंथांची एक यादी करून दिली. ते सर्व ग्रंथ मेरीबाईंनी विकत घेतले, तेव्हा त्यांचे वय ३३ वर्षांचे होते. मांडून ठेवलेल्या त्या ग्रंथांकडे पाहताना त्यांना मासिकातील तो विचित्र अक्षरांचा प्रश्न आठवला. बीजगणित हा शब्द प्रथम कानांवर पडला त्या दिवसापासून किती वर्षे लोटली होती! त्यांपैकी बहुतेक वर्षे आशेला जागा नसतानाच त्यांनी काढली होती. कधीही निराश होऊ नये, हा धडा त्या ग्रंथांनी न उघडताच त्यांना दिला.

त्या ग्रंथसंग्रहात फ्रेंच पंडित लाप्लास याचा खगोलीय यांत्रिकीवरील महाग्रंथ होता. सूर्य ग्रहांना आकर्षून घेतो, हे न्यूटनने दाखवले. परंतु ग्रहही एकमेकांना ओढीत असतात. त्यामुळे त्यांच्या कक्षांत सूक्ष्म बदल होत राहतात. गुरू शनीला ओढतो, शनी गुरूला ओढतो. मग ही सारी ग्रहमाला कालांतराने विस्कटून तर जाणार नाही? अशा प्रश्नांची उत्तरे लाप्लासने या ग्रंथात गणिताने दिली. १७९९ ते १८२५ या काळात त्याचे पाच खंड प्रसिद्ध झाले. ग्रंथ मोठाच, परंतु त्याहून मोठी त्याची दुर्बोधता. त्यात आकृत्या नाहीत. 'हे सहज दिसून येते' असे म्हणून ग्रंथकार मधली कितीतरी गणिते गाळून पुढे जातो. आणि त्याला जे सहज दिसते, ते शोधून काढण्यास वाचकाला तासन्‌तास झगडावे लागते. आपल्याला समजते ते बरोबर आहे ना, अशी मेरीबाईंनाही प्रथम शंका वाटली. म्हणून त्यांनी एका जाणकार गृहस्थांना सोबत वाचनासाठी बोलावले. थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले की, त्या गृहस्थांना जितके समजते, तितकेच आपल्यालाही समजते! या अनुभवाने त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि अंगात नवे बळ आले. आपला ग्रंथ समजलेल्या स्त्रिया दोनच, एक श्रीमती ग्रेग आणि दुसऱ्या श्रीमती सॉमरव्हिल, असे खुद्द लाप्लास म्हणत असे, अशी एक आख्यायिका आहे. या दोन्ही स्त्रिया एकच आहेत, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते!

१८२७ साली हेन्री ब्रूम नावाचे एक विद्याप्रेमी कायदेपंडित मेरीबाईंकडे एक विनंती घेऊन आले. सामान्य लोकांत उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करण्यासाठी त्यांनी एक संस्था स्थापिली होती. लाप्लासचा ग्रंथ इंग्रजी वाचकांना कळेल असा मेरीबाईंनी लिहावा, अशी त्यांची इच्छा होती. मेरीबाईंना हे काम आपल्या शक्तीबाहेरचे वाटले. फार आग्रह झाल्यावर त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, ही गोष्ट गुप्त ठेवावी. दुसरी, लेखन चांगले उतरले नाही तर हस्तलिखित अग्नीत टाकावे.

तेव्हा मेरीबाई लंडनजवळ चेल्सी येथे राहत होत्या. त्या पहाटे उठत, मुलांचे आणि घरचे सारे मार्गी लावीत आणि मग लिहावयास बसत. त्यांच्या लहानशा खोलीत शेकोटीची सोय नव्हती. म्हणून हिवाळ्यात दिवाणखान्यात बसूनच लिहावे लागे. एखादे अवघड गणित निम्म्यावर आले असावे, तोच दारावरची घंटा वाजे. मेरीबाई घाईघाईने कागद लपवीत. चार घटका गप्पा मारण्यासाठी मुद्दाम आले, असे म्हणत पाहुणे आत येत आणि मेरीबाई हसतमुखाने त्यांचे स्वागत करीत. पुरुषाने कामाची सबब सांगितली तर चालते, परंतु स्त्रीला ती मुभा नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागे. तरी त्यांनी स्वतःला एक सवय जडवून घेतली. वाचता वाचता पुस्तकात खूण ठेवावी, तशी त्या मनातल्या विचारात खूण ठेवीत आणि पाहुणे गेले की नेमक्या त्याच ठिकाणापासून पुढे चालू करीत. ज्या मुलीने काळोखात युक्लिडची प्रमेये मनात मांडली होती, तिलाच हे साधण्यासारखे होते.

लाप्लासने जेथे वाट गाळली होती तेथे मेरीबाईंनी पायऱ्या बांधल्या. जेथे आकृती नव्हती तेथे वाचकांच्या सोयीसाठी आकृती घातली. बीजगणिताची भाषा त्यांनी सामान्य माणसाच्या भाषेत उतरवली. १८३१ साली तो ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. हस्तलिखित अग्नीत टाकण्याची वेळ आली नाही. केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापकांनी तो आपल्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी लावला. ज्या विद्यापीठात मेरीबाईंना विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला नसता, तेथील तरुण त्यांच्या ग्रंथावरून शिकू लागले. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या सभासदांनी त्यांचा अर्धपुतळा करवून घेतला. मात्र त्या संस्थेत स्त्रियांना सभासदत्व मिळण्यास १९४५ साल उजाडावे लागले. १८३५ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने मेरी सॉमरव्हिल आणि कॅरोलिन हर्शेल या दोघींना सन्माननीय सभासद करून घेतले. पुढे १८७९ साली ऑक्सफर्ड येथे स्त्रियांच्या शिक्षणासाठी निघालेल्या एका संस्थेला मेरीबाईंचे नाव देण्यात आले, आणि २०१७ साली स्कॉटलंडमधील एका बँकेच्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र झळकले.

हे सर्व सन्मान मोठे खरे; परंतु मेरीबाईंनी ग्रंथ वाचले ते सन्मानासाठी नव्हे. याची साक्ष त्यांच्या वार्धक्यातील दिनक्रम देतो. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी इटलीत घालवली. नव्वदी उलटली होती. कानांना कमी ऐकू येई. रोजच्या घडामोडी आणि माणसांची नावे विसरून जात. परंतु गणितातले काही विसरलेले नव्हते. रोज सकाळी चारपाच तास त्या उच्च बीजगणिताचे ग्रंथ वाचीत आणि त्यांतली उदाहरणे सोडवीत. काही उदाहरणे सुटत नसत; पण जुना हट्टी स्वभाव अजून शिल्लक होता. आज सुटले नाही, तर त्या उद्या पुन्हा त्याच उदाहरणाला भिडत. २९ नोव्हेंबर १८७२ रोजी नेपल्स येथे त्यांचे देहावसान झाले. वयाची ९२ वर्षे पुरी होण्यास तेव्हा चारच आठवडे उरले होते.

प्रत्येकाच्या वाट्याला केव्हातरी असा एखादा अवघड ग्रंथ येतो. तो अर्ध्यावर टाकून देणे कोणालाही जमते. परंतु अडलेल्या जागी थांबून, मागे येऊन, पुन्हा पुढे सरून जो शेवटच्या पानापर्यंत जातो, त्याला त्या क्षणी जो आनंद होतो, तो सार्थ अभिमान होय. त्याचा गर्व होत नाही. कारण वाटेत आपण किती वेळा अडखळलो, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. हा अभिमान दुसऱ्याला हिणवीत नाही. तो फक्त पुढचे अवघड पुस्तक हाती घेण्याचे धैर्य देतो. मेरीच्या खोलीतली मेणबत्ती नेता आली; पुरे केलेले ते सहा भाग मात्र कोणालाही नेता आले नाहीत.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शाळेतून परत आल्यावर मेरीला चिठ्ठीचे उत्तर का लिहिता आले नाही?
(आ) बीजगणित हा शब्द मेरीला प्रथम कसा कळला?
(इ) युक्लिडचे पुस्तक मेरीला कोणी आणून दिले?
(ई) ब्रूम यांची विनंती मान्य करताना मेरीबाईंनी कोणत्या अटी घातल्या?

२. कारणे सांगा.
(अ) युक्लिडच्या भूमितीतील मधले एखादे प्रमेय गाळून चालत नाही.
(आ) मेणबत्ती काढून नेली तरी मेरीचा अभ्यास थांबला नाही.
(इ) लाप्लासचा ग्रंथ वाचकांना दुर्बोध वाटे.

३. पुढील वाक्यांचा अर्थ स्पष्ट करा.
(अ) एकदा माघारी यावे लागले म्हणजे पराभव झाला असे नव्हे. पुन्हा न जाणे हा पराभव होय.
(आ) त्या विचारात खूण ठेवीत.

४. 'पाठ करणे' आणि 'समजणे' यांतील फरक पाठातील दोन प्रसंगांच्या आधारे आठदहा ओळींत लिहा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
तडीस नेणे, माघार घेणे, मुखोद्गत करणे, कानांवर घालणे, आत्मसात करणे.

६. 'सार्थ अभिमान' आणि 'गर्व' यांत काय भेद आहे, ते स्वतःच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन सांगा.

७. तुम्ही अर्ध्यावर सोडलेले एखादे पुस्तक पुन्हा वाचावयास घ्या. कोठे अडले आणि ती अडचण कशी दूर झाली, याची रोज वहीत नोंद ठेवा. पुस्तक पुरे झाल्यावर ते मिटून ठेवा आणि त्यातले काय आठवते, ते वर्गात सांगा.